विसरणं वयावर सोडून देऊ नका



“वय झालं, आता विसरणारच,” असं आपल्याकडे सहज बोललं जातं. पण विसरण्या-विसरण्यात फरक असतो. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं वेगळं. रोजच्या वाटेवरून घर न सापडणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, जन्मभर केलेला स्वयंपाक कसा करायचा ते न उमजणं वेगळं. हा स्मृतिभ्रंश असू शकतो. तो मेंदूचा आजार आहे, म्हातारपणाचा नियम नव्हे. भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांत साधारण सात जणांना तो आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

तो टाळता येतो का? जगभरातल्या तज्ज्ञांच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली, तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. यात हमी कुणालाच नाही. पण बरंचसं आपल्या हातात आहे.

पहिलं, रक्तदाब आणि साखर. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या या दोन्हींमुळे खराब होतात, आणि दुखत काहीच नाही. उपकेंद्रात तिशीनंतर दोन्हींची तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा. गोळी सुरू असेल तर ‘बरं वाटतंय’ म्हणून मनाने बंद करू नका.

दुसरं, कान. ऐकू कमी आलं की माणूस बोलणं टाळतो, मग माणसांत बसणं टाळतो. गटातल्या एक मावशी बैठकीला येईनाशा झाल्या. “त्यांचं डोकं चालत नाही,” असं घरचे म्हणत. तपासल्यावर कानात घट्ट मळ निघाला! आता हिशेबातला रुपया चुकला तरी त्याच आधी बोट ठेवतात. प्रत्येकीचं इतकं सोपं नसतं, काहींना श्रवणयंत्र लागतं. ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. डोळेही तपासा, मोतीबिंदू अंगावर काढू नका.

तिसरं, चालणं आणि खाणं. घरकाम होतंच, तरी रोज अर्धा तास झपझप चाला. पालेभाजी, डाळ, कडधान्य, मूठभर शेंगदाणे ताटात असू द्या. मीठ, साखर, तळण कमी. तंबाखू सोडा, त्यात मिश्रीही आली. चुलीचा धूर कोंडू देऊ नका.

चौथं, माणसं आणि डोक्याला काम. भजन, भिशी, गटाची बैठक हा रिकामटेकडा उद्योग नाही. म्हातारीला “तुम्ही बसा” म्हणून बाजूला सारू नका. आम्ही बैठकीचा हिशेब मोठ्याने वाचतो आणि ज्येष्ठ सदस्यांकडून बेरीज करून घेतो. शाळा हुकली असेल तर आता सही शिका, मोबाइल शिका. नवं शिकायला वय आड येत नाही.

आणि बुद्धिवर्धक चूर्णाचं काय? गिंको या झाडाच्या पानांचा अर्क अमेरिकेत ३,००० हून अधिक वृद्धांवर सुमारे सहा वर्षं तपासला. २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. बदाम खा, ब्राह्मीचं तेल लावा. पण कोणत्याही चूर्णाने हा आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. गटातून कर्ज काढून महागडे डबे घेऊ नका. तोच पैसा तपासणीला वापरा.

विसरणं वाढलं असेल तर डॉक्टरांकडे न्याच. बी-१२ कमी असणं, थायरॉइडचा त्रास किंवा मनाची उदासी यांमुळेही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत. एका दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

या महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीत एक रकाना वाढवा: प्रत्येकीचा रक्तदाब. सासूबाईंनाही सोबत आणा.