भागधारक कोण, हितधारक कोण? कंपनी आपल्याला कधी विचारते?



'स्टेकहोल्डर' हा शब्द शिकवताना एक गोंधळ हमखास होतो. मुलं उत्तरात 'भागधारक' लिहून मोकळी होतात. पण भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, ज्याने कंपनीत पैसे घातले तो. स्टेकहोल्डर म्हणजे हितधारक. कंपनीच्या कामामुळे ज्याचं बरं किंवा वाईट होऊ शकतं असा प्रत्येक जण त्यात आला. कामगार, गिऱ्हाईक, कारखान्यामागच्या चाळीतलं कुटुंब, खाडीत जाळं टाकणारा मच्छीमार. यातल्या अनेकांचा कंपनीत एक रुपयाही नसतो, पण विहीर त्यांची असते. गंमत म्हणजे कायद्यातही हा घोळ आहेच! कंपनी कायद्याच्या कलम १७८ मध्ये 'स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी' सांगितली आहे. ती तक्रारी ऐकते फक्त शेअर, डिबेंचर आणि ठेवी असणाऱ्यांच्या.

मग बाकीच्यांचं कोण ऐकतं? इथे बहुतेक जण 'सीएसआर' असं उत्तर देतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे (तिन्हींपैकी एक पुरे), तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. खर्च करताना कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कलमात म्हटलंय. पण त्या आसपासच्या लोकांना विचारून खर्च करा, असं बंधन त्यात नाही. म्हणून एखाद्या शाळेत गळकं छप्पर तसंच राहतं आणि तिसऱ्यांदा दप्तरं येतात. शिवाय दुसऱ्या कायद्याने जे करायलाच हवं, ते सीएसआरमध्ये धरता येत नाही. स्वतःचं सांडपाणी शुद्ध करणं हे काही दान नव्हे, नाही का?

विचारण्याची सक्ती आहे ती दुसरीकडे. पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाची अधिसूचना, १४ सप्टेंबर २००६. मोठ्या प्रकल्पांपैकी बहुतेकांना परवानगीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. लोकांनी काय आक्षेप घेतले ते शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, तेही लोकांच्या भाषेत. हा मुद्दा मुलांना जरूर सांगा. मराठीत मुद्देसूद निवेदन लिहिता येणं इथे कामाला येतं.

पण जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. आपल्याच जिल्ह्यात वाढवण बंदराची सुनावणी १९ जानेवारी २०२४ ला झाली. मच्छीमारांचा विरोध उघड होता. फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्टला भूमिपूजनही झालं.

मग ऐकलं कधी जातं? विरारहून डहाणू लोकल पकडा, शेवटच्या स्टेशनला उतरा. तिथलं ५०० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र बीएसईएस कंपनीने उभारलं. चिकूच्या बागांचं काय होणार, या काळजीने स्थानिक लोक कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. त्याच वर्षी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. पुढे दुसऱ्या एका याचिकेत न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी. कंपनी आणि बागायतदार यांचं म्हणणं ऐकायला आता एक कायमची जागा झाली. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. दरम्यान वीजकेंद्र रिलायन्सकडे गेलं. यंत्रणा सुरू झाली २००७ मध्ये. आठ वर्षं! तरीही बसली, कारण प्राधिकरण मागे लागून होतं. माझ्या मते एखाद्या दिवसाच्या सुनावणीपेक्षा अशी टिकून राहणारी व्यवस्था जास्त मोलाची.

अशी जागाच नसली की काय होतं, ते तारापूरला दिसतं. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे मासेमारीचं नुकसान होतं, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. आधी समोरासमोर बसून जे ठरू शकलं असतं, त्यात सहा वर्षं गेली. पाण्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना आता सेबीचा 'बीआरएसआर' अहवालही द्यावा लागतो. २०२२-२३ पासून पहिल्या १००० कंपन्यांना तो सक्तीचा आहे. आपले हितधारक कोण, त्यांच्याशी कसं आणि किती वेळा बोलतो, त्यातले दुर्बल गट कोणते, हे त्यात लिहावं लागतं. अहवाल नेटवर मिळतो. अकरावी-बारावीच्या प्रकल्पासाठी छान आहे, फक्त भाषा इंग्रजी आणि जड.

आता आपल्या वसईचं बघू. वालीव, सातिवली, गोखिवरे इथले बहुतेक गाळे लहान. त्यांना सीएसआरही लागत नाही आणि हा अहवालही नाही. पण प्रदूषण करणारा उद्योग लहान असला तरी त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यात अटी असतात. नाल्याचा रंग बदलला तर फोटो, तारीख, वेळ लिहून मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

आणि शाळेपुरतं बोलायचं तर आपल्या हातात एक गोष्ट आहेच. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सरकारी शाळांमध्ये शाळा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे कायद्याने नेमलेले हितधारकच! कंपनीचा माणूस मदत घेऊन आला की त्याच्यापुढे चहाबरोबर हा आराखडाही ठेवा. मुलींचं स्वच्छतागृह आधी, संगणक नंतर, असं समितीने ठरवलं असेल तर ते ठराव क्रमांकासह पत्रात लिहून द्या. आराखडा जुना झाला असेल तर पुढच्या बैठकीत तोच पहिला विषय घ्या.