कागदावरचा शत्रू

महासत्तेचे परराष्ट्रधोरण सैन्य, पैसा आणि तंत्रज्ञान यांच्या बळावर चालते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या बळाचे तोंड कोणत्या दिशेला वळवायचे, हे आधी कुठल्या तरी कागदावर ठरलेले असते. आपल्याला धोका कोणापासून, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर लिहिलेले असते. अमेरिकेचे असे काही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले की ध्यानात येते : धोका बदलत जातो, कागद मात्र सहजासहजी बदलत नाही.

पहिला कागद म्हणजे एक तार. २२ फेब्रुवारी १९४६ रोजी मॉस्कोच्या अमेरिकी वकिलातीतून जॉर्ज केनन यांनी ती वॉशिंग्टनला पाठवली. सोव्हिएत सत्ता हिटलरसारखी बेफाम साहस करणारी नाही, खंबीर प्रतिकार झाला की ती माघार घेते, असे त्यांचे निदान होते. पुढल्या वर्षी ‘फॉरिन अफेअर्स’ या नियतकालिकात ‘एक्स’ या नावाने त्यांनी तेच सविस्तर मांडले. ‘कंटेनमेंट’, म्हणजे रोखून धरण्याचे धोरण, ते हेच. केनन यांच्या मनातले रोखणे मुख्यतः राजकीय होते आणि त्याला मर्यादाही होती. युद्धसामग्री मोठ्या प्रमाणावर निर्माण करू शकणारी जगातली मोजकी औद्योगिक केंद्रे प्रतिपक्षाच्या हाती जाऊ नयेत, एवढे त्यांना पुरेसे वाटत होते.

एप्रिल १९५० मध्ये पॉल निट्झे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘एनएससी-६८’ या गोपनीय दस्तऐवजाने ही मर्यादाच पुसली. स्वतंत्र संस्थांचा कुठेही झालेला पराभव हा सर्वत्र झालेला पराभव, अशी त्याची भूमिका होती. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले आणि या दस्तऐवजाला जणू पुरावाच मिळाला. अमेरिकेचा संरक्षण खर्च थोड्याच काळात सुमारे तिपटीने वाढला. मोजक्या जागा राखायच्या तर कुठे थांबायचे ते कळते. सगळे जगच राखायचे ठरले की थांबण्याची जागा उरत नाही.

या व्याख्येची झळ आपल्यालाही लागली. १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. शस्त्रे साम्यवादाविरुद्ध आहेत, भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, अशी ग्वाही अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेहरूंना दिली. परंतु शस्त्र देणाऱ्याचा शत्रू आणि घेणाऱ्याचा शत्रू एकच असतो, असे थोडेच आहे? सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तर येथे भारतीय जवानांसमोर उभे ठाकले ते अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे.

दूर पूर्वेला याच तर्काने व्हिएतनाम गाठले होते. टोंकिनच्या आखातातल्या कथित हल्ल्यांनंतर ७ ऑगस्ट १९६४ रोजी काँग्रेसने अध्यक्ष जॉन्सन यांना बळाच्या वापराची मोकळीक दिली. सिनेटमध्ये ८८ मते बाजूने, दोन विरोधात. त्यांपैकी दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. विरोधात मत देणारे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग १९६८ मध्ये आपापल्या जागा गमावून बसले. खुद्द केनन यांनी १९६६ मध्ये सिनेटच्या समितीपुढे या युद्धाविरुद्ध साक्ष दिली. तोवर त्यांची कल्पना त्यांच्या हातून केव्हाच निसटली होती.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. नवा शत्रू कागदावर आला तो ११ सप्टेंबर २००१ नंतर. तीनच दिवसांत काँग्रेसने एक ठराव संमत केला. त्यातले अधिकार देणारे वाक्य इंग्रजीत अवघ्या ६० शब्दांचे आहे. हल्ल्याशी संबंधित राष्ट्रे, संघटना आणि व्यक्ती कोण, हे अध्यक्षांनी ठरवायचे आणि त्यांच्याविरुद्ध बळ वापरायचे. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध एक असे मतदान झाले. ते एक मत बार्बरा ली यांचे. अशा कोऱ्या धनादेशाचा त्यांना धोका दिसत होता. २०१४ मध्ये ‘आयसिस’विरुद्धच्या कारवाईला याच वाक्याचा आधार घेतला गेला, वास्तविक त्याच वर्षी अल कायदाने आयसिसशी संबंध तोडल्याचे जाहीर केले होते.

जानेवारी २०१८ च्या अमेरिकी संरक्षणनीतीने पुन्हा पान उलटले : मुख्य चिंता आता दहशतवादाची नव्हे, तर चीन आणि रशियासारख्या राष्ट्रांशी असलेल्या स्पर्धेची. दोनच वर्षांत करोना आला आणि त्याने दहा लाखांहून अधिक अमेरिकी नागरिकांचा बळी घेतला. मे २०२१ मध्ये खंडणीखोर हॅकरांमुळे पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली. यांपैकी एकाही संकटाने सीमेवर रणगाडा आणला नाही. साथीचा इशारा सरकारी अहवालांत आधीच होता. पण ज्या धोक्याला झेंडा नसतो, राजधानी नसते, त्याच्यासाठी निधी मागणे कठीण जाते. झेंडा असलेल्या शत्रूभोवती मात्र कारखाने, तळ, पदे आणि मतदारसंघ उभे राहतात आणि मग त्यांनाच त्या शत्रूची गरज भासू लागते.

चीन किंवा रशियाचा धोका खोटा आहे, असा याचा अर्थ नाही. सोव्हिएत धोकाही खोटा नव्हता. प्रश्न व्याख्येच्या मुदतीचा आहे. २००१ च्या त्या वाक्याला अंतिम तारीखच नव्हती. तशी तारीख असती, तर दर काही वर्षांनी काँग्रेसला उभे राहून पुन्हा सांगावे लागले असते, की आपण कोणाशी, कशासाठी आणि कुठवर लढत आहोत. शस्त्रे कोणाकडून घ्यायची आणि कोणत्या आघाडीत बसायचे, याचा विचार करणाऱ्या भारतासारख्या देशानेही समोरच्या महासत्तेची ताकद मोजण्याआधी तिचा हा कागद मागून घ्यावा आणि त्यावरची तारीख पाहावी.