‘थोराड’ बाळ

काही वर्षांपूर्वी एक आजी आपल्या साडेतीन वर्षांच्या नातवाला खोकल्यासाठी माझ्याकडे घेऊन आल्या. निघताना कौतुकाने म्हणाल्या, “अंगापिंडानं थोराड आहे हो, आजोबांच्या वळणावर गेलाय!” मीही हसून मान डोलावली. उंची मोजली नाही.

सहा महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा आला. आवाज घोगरा झालेला, गालांवर मुरुमे, जांघेत केस. शिश्न वाढलेले होते, वृषण मात्र वयाला साजेसे लहानच. या विसंगतीनेच दिशा दाखवली : वयात येण्याचा आदेश मेंदूकडून सुटलेला नव्हता. डीएचईए-सल्फेट व टेस्टोस्टेरॉन भरमसाट वाढलेले, हाडांचे वय कितीतरी पुढे गेलेले, आणि सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावर गाठ!

अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाची ही अर्बुदे दुर्मीळ खरी. पण लहानपणी ती बहुधा पाच वर्षांच्या आत आणि मुलींमध्ये अधिक आढळतात. बहुतेकांतून पुरुषी संप्रेरके पाझरतात, काहींतून कॉर्टिसॉलही. कॉर्टिसॉल वाढले की मूल गुबगुबीत होते, पण उंची खुंटते. साध्या लठ्ठपणात असे सहसा होत नाही. जन्मजात अधिवृक्क-अतिवृद्धी वेगळी काढण्यासाठी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन तपासावे. घरात कोणी टेस्टोस्टेरॉनचे मलम लावते का, हेही विचारावे.

गाठीची शंका असल्यास सुईने तुकडा काढण्याचा मोह टाळावा. आवरण फुटून पेशी पसरू शकतात. गाठ अखंड काढणे हाच मुख्य उपचार. ती कॉर्टिसॉल स्रवत असेल तर दुसरी ग्रंथी निद्रिस्त असते. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी व नंतर हायड्रोकॉर्टिसोन देणे अनिवार्य.

घराण्याचा इतिहासही विचारावा. ली आणि फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या कौटुंबिक कर्करोगाशी या अर्बुदांचे नाते आहे. दक्षिण ब्राझीलमध्ये त्यांचे प्रमाण इतरत्रापेक्षा कितीतरी अधिक आहे. त्यामागे टीपी५३ जनुकातील एक विशिष्ट बदल असल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून अशा बालकाची जनुकीय तपासणी व कुटुंबाला समुपदेशन आवश्यक ठरते.

त्या मुलाची गाठ अखंड निघाली. आज तो शाळेत जातो. तरीही ते सहा महिने मला अजून बोचतात. आजींनी निदानाचा धागा माझ्या हाती दिला होता, मी तो कौतुक समजून सोडून दिला. तेव्हापासून खोकल्यासाठी आलेल्या मुलाचीही उंची मोजून आलेखावर नोंदल्यावाचून मी त्याला घरी पाठवीत नाही.