‘स्टार वॉर्स’ (१९७७) : होम व्हिडिओ आवृत्त्यांमधील स्पष्टता आणि मूळनिष्ठा

सारांश : एखाद्या चित्रपटाच्या होम व्हिडिओ आवृत्तीची गुणवत्ता बहुधा चित्राच्या स्पष्टतेवरून ठरविली जाते. जॉर्ज ल्यूकास दिग्दर्शित ‘स्टार वॉर्स’ या कौटुंबिक अवकाश-साहसपटाच्या आवृत्त्यांचा इतिहास पाहता स्पष्टता आणि मूळनिष्ठा या दोन स्वतंत्र कसोट्या असून त्या परस्परविरोधी दिशांनीही जाऊ शकतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : होम व्हिडिओ, चौकटीचे गुणोत्तर, पाठभेद, जतन, चित्रपट-अध्यापन.

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासात कोणती आवृत्ती प्रमाण मानली हे नमूद करण्याचा दंडक आहे. चित्रपटाच्या अध्यापनात मात्र हा दंडक क्वचितच पाळला जातो. वर्गात दाखविली जाणारी प्रत म्हणजे तो चित्रपटच होय, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः कॅसेट किंवा डिस्क ही चित्रपटाची एक आवृत्ती असते. तिला स्वतःचे संपादन, स्वतःच्या मर्यादा आणि काही वेळा स्वतःचे प्रक्षेपही असतात. याचे ठळक उदाहरण म्हणून ‘स्टार वॉर्स’कडे पाहता येते.

मूळ प्रतिमेची घडण

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला हा चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर, पॅनाव्हिजनच्या अ‍ॅनामॉर्फिक भिंगांतून चित्रित करण्यात आला. छायालेखन गिल्बर्ट टेलर यांचे होते. पडद्यावर चौकटीची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट होती. यानातील चालककक्षात शेजारी-शेजारी बसलेली चार पात्रे किंवा शेवटच्या सन्मानसोहळ्याचे विशाल दालन यांची रचना या रुंदीवरच अवलंबून आहे.

चित्रपटात साडेतीनशेहून अधिक विशेष दृश्यखंड आहेत. त्या काळी यान, तारे आणि स्फोट वेगवेगळे चित्रित करून प्रकाशीय छपाईने एकाच फिल्मवर आणावे लागत. प्रत्येक छपाईगणिक प्रतिमेचा दर्जा घटतो. ही घट भरून काढण्यासाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने अधिक मोठ्या निगेटिव्हची व्हिस्टाव्हिजन पद्धत वापरली. तरीही काही संयोगदृश्यांत मुखवट्यांच्या कडा राहून गेल्या. या कडा त्या काळच्या तंत्राच्या खुणा आहेत, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

ध्वनीच्या बाबतीत तर मूळ रूप एकच नव्हते. ७० मिलिमीटर प्रतींसाठी सहा पट्ट्यांचे, ३५ मिलिमीटर प्रतींसाठी डॉल्बी स्टिरिओ आणि साध्या चित्रगृहांसाठी मोनो अशी तीन ध्वनिमिश्रणे तयार झाली. मोनो मिश्रणात इतर दोहोंत नसलेले काही संवादही होते. शिवाय आरंभीच्या सरकत्या मजकुरातील ‘एपिसोड फोर : अ न्यू होप’ हे शीर्षक १९८१ च्या पुनःप्रदर्शनात जोडले गेले. तात्पर्य, ‘मूळ’ ही संज्ञा वापरतानाही सावधगिरी बाळगावी लागते.

कॅसेटचा काळ

१९८२ पासून हा चित्रपट व्हीएचएस कॅसेटवर मिळू लागला. त्या वेळच्या दूरचित्रवाणी संचाची चौकट ४:३ प्रमाणाची होती. ती पूर्ण भरावी म्हणून ‘पॅन अँड स्कॅन’ पद्धत अवलंबिण्यात आली. म्हणजे रुंद चौकटीचा एक भाग निवडायचा आणि आवश्यकतेनुसार ती निवड डावी-उजवीकडे सरकवायची. गणिताने पाहिल्यास यात कोणत्याही क्षणी सुमारे ४३ टक्के चित्रक्षेत्र वगळले जाते. कॅमेऱ्याने न केलेली हालचाल यात चित्रपटात शिरते आणि दिग्दर्शकाने एका चौकटीत बांधलेली दोन पात्रे विलग होतात.

कॅसेटने आणखी एक विपर्यास घडविला. चित्रगृहाच्या गडद पडद्यावर न दिसणाऱ्या मुखवट्यांच्या चौकोनी छटा दूरचित्रवाणीच्या उजळ चित्रात शत्रूच्या लढाऊ यानांभोवती उमटू लागल्या. परिणामी घरी चित्रपट पाहणाऱ्या पिढीला विशेष दृश्ये मुळातच सदोष वाटली. हा दोष बव्हंशी प्रतीचा होता, कलाकृतीचा नव्हे.

भारतात प्रचलित असलेल्या पॅल पद्धतीचा परिणामही येथे नोंदविला पाहिजे. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पॅलमध्ये सामान्यतः २५ चौकटींच्या गतीने चालविला जातो. त्यामुळे १२१ मिनिटांचा चित्रपट सुमारे ११६ मिनिटांत संपतो आणि दुरुस्ती न केल्यास संगीताचा स्वरही किंचित चढतो.

जीर्णोद्धार की पुनर्लेखन?

प्रदर्शनाच्या विसाव्या वर्षी, १९९७ मध्ये, ‘स्पेशल एडिशन’ प्रदर्शित झाली. निगेटिव्हमधील रंग फिके पडले होते. त्याची स्वच्छता आणि रंगदुरुस्ती करण्यात आली, हा या प्रकल्पाचा जतनाचा भाग होय. परंतु त्याच वेळी संगणकनिर्मित प्राणी, विस्तारलेले मॉस आयस्ली नगर आणि १९७७ मध्ये वगळलेला जब्बाचा प्रसंगही घालण्यात आला.

यांतील सर्वाधिक चर्चित बदल आशयाचा आहे. मूळ चित्रपटात मद्यगृहातील प्रसंगात हॅन सोलो हाच ग्रीडोवर गोळी झाडतो. १९९७ मध्ये ग्रीडो आधी झाडतो, २००४ च्या डीव्हीडीत दोघे जवळपास एकाच वेळी झाडतात, तर २०१९ च्या आवृत्तीत हा प्रसंग पुन्हा बदलला आहे. स्वार्थी तस्कर ते निष्ठावंत सहकारी हा हॅनच्या व्यक्तिरेखेचा प्रवास ज्या बिंदूपासून सुरू होतो तो बिंदूच यामुळे सरकतो. केवळ दृश्यसौंदर्याचा हा बदल नाही.

डिस्कचा काळ

सप्टेंबर २००४ मध्ये आलेली डीव्हीडी अंकीय सफाईमुळे डाग-ओरखड्यांपासून मुक्त होती. परंतु ती बदललेल्या पाठाची होती. शिवाय काही दृश्यांत ल्यूकचे निळे प्रकाशखड्ग हिरवट दिसत होते. सप्टेंबर २००६ मध्ये मूळ पाठ डीव्हीडीवर आला, पण दुसऱ्या डिस्कवर, पूरक सामग्री म्हणून. त्यासाठी फिल्मचे नवे अंकीकरण न करता १९९३ च्या लेझरडिस्कसाठी तयार केलेली प्रत वापरण्यात आली. ही प्रत अ‍ॅनामॉर्फिक नव्हती. अमेरिकन डीव्हीडीच्या ४८० ओळींपैकी अशा प्रतीत जेमतेम २७० ओळी प्रत्यक्ष चित्राला मिळतात, उरलेल्या काळ्या पट्ट्यांत जातात. अ‍ॅनामॉर्फिक प्रतीत त्याच चित्राला सुमारे ३६० ओळी मिळतात.

२०११ च्या ब्लू-रेने चित्राला आठशेच्या आसपास ओळी दिल्या. २०२० च्या ४के डिस्कने त्याहून अधिक तपशील आणि प्रकाश-छायेचा विस्तृत पल्ला दिला. परंतु या दोन्हींवरील पाठ बदललेलाच होता. अशा रीतीने स्पष्टतेचा आलेख चढत गेला आणि मूळनिष्ठेचा उतरत गेला. सर्वांत स्पष्ट प्रत १९७७ पासून सर्वांत दूर, तर १९७७ च्या जवळची प्रत अंधूक, असा विरोधाभास निर्माण झाला.

प्रश्नाचे गांभीर्य

१९८८ मध्ये कृष्णधवल चित्रपटांच्या रंगीकरणाचा वाद चालू असताना स्वतः ल्यूकास यांनी अमेरिकी काँग्रेससमोर चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध साक्ष दिली होती. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्यानुसार राष्ट्रीय चित्रपट सूची अस्तित्वात आली आणि १९८९ च्या तिच्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘स्टार वॉर्स’चा समावेश झाला. म्हणजे जो पाठ राष्ट्रीय वारसा ठरला, तोच पुढे घरगुती प्रेक्षकाला चांगल्या दर्जात दुर्मीळ झाला. काही चाहत्यांनी जुन्या फिल्मप्रतींवरून स्वतःच मूळ पाठ सिद्ध करण्याचे उद्योग केले, ते या पोकळीमुळेच. जून २०२५ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लंडनच्या महोत्सवात १९७७ ची टेक्निकलर प्रत दाखविली, तेव्हा तो प्रसंग विशेष मानला गेला, याचेही कारण हेच.

कलावंताला आपली कृती सुधारण्याचा अधिकार आहे, हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. कवी आपल्या संग्रहाची सुधारित आवृत्ती काढतोच. मात्र तेथे पहिली आवृत्ती ग्रंथालयात शाबूत राहते. आक्षेप बदलाला नसून पूर्वरूप अप्राप्य होण्याला आहे. चित्रपट ही सामूहिक निर्मिती असल्याने छायालेखक, संकलक आणि विशेष दृश्यांचे तंत्रज्ञ यांचे १९७७ मधील कामही त्याबरोबर झाकले जाते.

समारोप

अध्यापनाच्या दृष्टीने काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. वर्गात किंवा शोधनिबंधात चित्रपटाच्या नावापुढे प्रदर्शनवर्षाबरोबरच वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष आणि माध्यम नोंदवावे. चौकटीचे गुणोत्तर तपासावे. केवळ कालावधीवर विसंबू नये. कारण सुमारे १२५ मिनिटांची सुधारित आवृत्ती पॅल डिस्कवर १२० मिनिटांची होते आणि १२१ मिनिटांच्या मूळ चित्रपटाचा आभास निर्माण करते. विशेष दृश्यांच्या तंत्राचा इतिहास शिकविताना २००६ ची अंधूक डिस्क ४के डिस्कहून अधिक विश्वसनीय ठरेल. रंग, पोत आणि छायालेखनाच्या चर्चेसाठी मात्र, न बदललेल्या दृश्यांपुरता, अलीकडची प्रत उपयोगी पडेल. चांगली प्रत कोणती, या प्रश्नाचे उत्तर ती कशासाठी हवी यावर अवलंबून आहे. पडद्यावरील चित्र नितळ आहे एवढ्यावरून ते प्रमाण आहे असे मानणे, हे छपाई सुबक आहे म्हणून संहिता शुद्ध मानण्यासारखेच होय.