खेड्यातल्या मास्तरीणबाई साकारणारी चोई उन-ही

सिनेनटी म्हटली की दागिने, मोटारी आणि चैन एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. कोरियाच्या चोई उन-ही यांची हकिगत मात्र निराळी आहे. घरातल्या सर्वांनी, विशेषतः मायबहिणींनी, ती जरूर वाचावी.

चोईबाईंचा जन्म १९२६ चा. तेव्हा कोरियावर जपानचे राज्य होते. आधी नाटकांत कामे करून १९४७ साली त्या सिनेमात आल्या. पुढे देशाचे दोन तुकडे झाले, १९५० ते १९५३ भाऊबंदकीचे युद्ध झाले. त्या पडझडीतून दक्षिण कोरियाचा सिनेमा ज्यांनी उभा केला, त्यांत चोईबाई आणि त्यांचे पती, दिग्दर्शक शिन सांग-ओक, हे जोडपे आघाडीवर होते. १९६१ साली त्यांचा लोककथेवरचा रंगीत चित्रपट 'चुनह्यांग' अफाट गाजला. त्याच वर्षी एका चित्रपटात त्यांनी तरुण विधवा आई रंगविली. मन पाहुण्याकडे ओढ घेते, पण लोकरीत आड येते, अशी ती बाई आहे.

सदाहरित झाड

आपल्याला जवळचा वाटावा असा त्यांचा चित्रपट म्हणजे 'सांगनोक्सू', अर्थात सदाहरित झाड. तोही १९६१ चाच. शिम हून यांच्या कादंबरीवर तो बेतला आहे. शिकलेली तरुण पोरे शहर सोडून खेड्यात जातात, अडाण्यांना अक्षर शिकवितात, शेती सुधारू पाहतात, ही त्याची कथा. नायिका चे योंग-शिन गावात शाळा काढते. जपानी पोलीस मुलांच्या संख्येवर मर्यादा घालतात. बाहेर काढलेली पोरे झाडावर चढून आत डोकावतात, तेव्हा बाई फळाच खिडकीकडे वळविते! कष्टाने शाळा उभी राहते, पण तिची प्रकृती ढासळते. पुढे जपानला शिकायला गेल्यावर तिला बेरीबेरी होते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावरच जगणाऱ्यांना होणारा हा रोग. गावी परतून ती मरण पावते. चोई योंग-शिन नावाच्या खऱ्याखुऱ्या ग्रामसेविकेवरून ही नायिका सुचली होती. ती १९३५ साली ऐन तारुण्यात वारली. दक्षिण कोरियाचे 'ग्रँड बेल' चित्रपट पुरस्कार १९६२ मध्ये सुरू झाले. पहिल्याच वर्षी या भूमिकेसाठी चोईबाई उत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. १९६५ साली त्यांनी स्वतः चित्रपटही दिग्दर्शित केला.

दैवाचा फेरा

पोटी मूल नव्हते, म्हणून दोन मुले दत्तक घेतली होती. पतीचे मन दुसरीकडे गुंतले आणि १९७६ मध्ये काडीमोड झाला. जानेवारी १९७८ मध्ये कामाच्या बोलणीसाठी त्या हाँगकाँगला गेल्या असता उत्तर कोरियाच्या हस्तकांनी त्यांना बोटीतून पळवून नेले. तेथील राज्यकर्त्याचा मुलगा किम जोंग-इल याला आपल्या देशाचा सिनेमा सुधारायचा होता! त्यांच्या शोधात निघालेले शिनही त्याच वर्षी सापळ्यात अडकले. पळण्याचा प्रयत्न केला म्हणून त्यांनी काही वर्षे तुरुंगात काढली. १९८३ मध्ये एका मेजवानीत दोघांची अचानक गाठ घालून दिली गेली.

मग कैदेतच चित्रपट सुरू झाले. 'मीठ' या चित्रपटातील गरीब आईच्या भूमिकेसाठी १९८५ साली मॉस्कोच्या महोत्सवात चोईबाईंना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. मान मिळाला, पण मुले सोलमध्ये आईवाचून वाढत होती. आपण राजीखुशीने गेलो असे लोक म्हणतील, हे ओळखून त्यांनी किमचे बोलणे लपविलेल्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवले. मार्च १९८६ मध्ये व्हिएन्नात पहारेकऱ्यांना हुलकावणी देऊन दोघांनी अमेरिकेच्या वकिलातीत धाव घेतली.

पुढे अमेरिकेत राहून १९९९ मध्ये ती दोघे मायदेशी परतली. शिन २००६ मध्ये आणि चोईबाई १६ एप्रिल २०१८ रोजी सोल येथे निवर्तल्या.

राज्यकर्त्याने त्यांची कला ताब्यात घेतली, पण मन त्याला ताब्यात घेता आले नाही. उन्हाळा असो की हिवाळा, काही झाडे पान टाकीत नाहीत. चोईबाई त्या जातीच्या होत्या.