हृदयविकाराचा झटका आणि गणकयंत्राची नजर

इंदूर शहरात खान नदीच्या काठी होळकरांचा लालबाग राजवाडा उभा आहे. १८८६ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १९२१ साली, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, पुरे झाले. अशा बागेच्या परिसरात फिरावयास आलेला एखादा पन्नाशीचा गृहस्थ मध्येच थबकतो. छातीवर दडपण येते, कपाळी घाम फुटतो, डावा हात भरून येतो. रात्री सराफ्यात खाल्लेले गराडू बाधले, असे म्हणून तो घरी परततो, ओवा चावतो आणि पडून राहतो. पुष्कळ रोगी दगावतात ते रोगाच्या भयंकरपणापेक्षा या पडून राहण्यामुळे. म्हणून हा झटका येतो कशाने, टळतो कशाने आणि ओळखावा कसा, हे प्रत्येक घरात ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हृदय हा मुठीएवढा स्नायू दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावतो. मोटेचा बैल दिवसभर शेताला पाणी पाजतो, पण त्याची स्वतःची तहान त्या पाटाने भागत नाही. त्याला वेगळे पाणी दाखवावे लागते. हृदयाचेही तसेच आहे. त्याच्या कप्प्यांतून सर्व शरीराचे रक्त वाहते. परंतु त्याच्या स्नायूला लागणारे रक्त त्याच्या पृष्ठभागावरील बारीक धमन्यांतून पोचते. या धमन्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साचत जातात.

नदीच्या पात्रात गाळ साचावा तशी धमनी हळूहळू बुजत जाते आणि एके दिवशी बंद पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बहुधा त्या थरावरचे पातळ आवरण अकस्मात फाटते, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत प्रवाह थांबतो. धमनी आधी फारशी अरुंद झालेली नसली तरीही असे घडू शकते. कालपर्यंत धडधाकट असलेला मनुष्य आज कोसळतो, याचे कारण हेच. प्रवाह थांबल्यावर सुमारे वीस मिनिटांनी स्नायूचा नाश सुरू होतो व पुढे काही तास तो चालू राहतो. गेलेला स्नायू परत येत नाही.

कारणांविषयी आता फारसा संशय उरलेला नाही. ५२ देशांतील रोग्यांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, पहिल्या झटक्याच्या धोक्याचा नऊ-दशांशांहून अधिक भाग नऊ गोष्टींनी उलगडतो. तंबाखू, रक्तातील स्निग्ध द्रव्यांचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर व मनावरचा ताण या त्यांपैकी सहा. फळे-भाज्यांचा आहार, नियमित व्यायाम आणि मद्यपानाची सवय या उरलेल्या तीन. याच अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी आल्याचे आढळले. मुंबईचे विख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके २००३ साली, वयाच्या अवघ्या ५५ व्या वर्षी, याच विकाराने गेले. हा रोग ज्ञानी व अज्ञानी असा भेद करीत नाही.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत, म्हणूनच ते उपेक्षिले जातात. बिडी, सिगारेट व तंबाखू पूर्णपणे वर्ज्य करावी; ‘थोडीशी’ ही तडजोड येथे चालत नाही. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे झपझप चालावे. माळव्यात पोह्यांवर शेव हवीच असते. ती चिमूटभर असावी, मूठभर नसावी. तिशीनंतर रक्तदाब व रक्तातील साखर वेळोवेळी तपासावी, आणि बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. रक्तदाबाचे औषध जे करीत असते ते रोग्याला जाणवत नाही. पण ते थांबविल्याचा परिणाम मात्र कधी ना कधी भोगावा लागतो.

आता निदानाकडे वळू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक सूक्ष्म विद्युत्‌लहर उठते. हॉलंडमधील लायडनचे शास्त्रज्ञ आइंथोव्हेन यांनी ती रेखाटणारे उपकरण विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा ई.सी.जी. तो हाच. धमनी पूर्णपणे बंद झाली असता या आलेखाचा एक ठराविक भाग बहुधा उचलला जातो. हा बदल तज्ज्ञाच्या नजरेला चटकन दिसतो. पण तज्ज्ञ खेडोपाडी कोठून आणावा?

येथे गणकयंत्र, म्हणजेच संगणक, उपयोगी पडतो. तो आलेखाचे आकड्यांत रूपांतर करतो, प्रत्येक लहरीची उंची व रुंदी मोजतो आणि पूर्वी अभ्यासलेल्या असंख्य आलेखांशी तिची तुलना करतो. असे प्रयत्न अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकातच सुरू झाले होते. इंदूरही यात मागे नाही. येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे राम बिलास पचोरी व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली एक पद्धत मांडली. हृदयाच्या ठोक्यांमधील अंतर किंचित कमीजास्त होत असते. त्या चढउतारांचे गणिती पृथक्करण करून धमनीविकार झालेले व निरोगी यांत भेद करण्याची ती पद्धत होय. गोव्यात तर २०१८-१९ च्या सुमारास अशी व्यवस्था उभी राहिली की, लहान आरोग्यकेंद्रात काढलेला आलेख दूरच्या तज्ज्ञांपर्यंत तात्काळ पोचावा, गुठळी विरघळविणारे औषध तेथेच द्यावे आणि मग रोग्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे.

मात्र यंत्राच्या मर्यादा ध्यानी घ्याव्यात. पहिला आलेख निर्दोष येऊनही झटका असू शकतो. म्हणून तो काही वेळाने पुन्हा काढतात व रक्तातील ट्रोपोनिन हे द्रव्य तपासतात. मनगटी घड्याळ एकाच दिशेने आलेख घेते, रुग्णालयातील यंत्र बारा; तेव्हा घड्याळाने ‘ठीक’ म्हटले म्हणून छातीतील कळ दुर्लक्षू नये. स्त्रिया व मधुमेही यांना कधी कधी कळ येतच नाही. केवळ दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोग्याने चालू नये, जिने चढू नयेत, स्वतः वाहन हाकू नये. ॲस्पिरिनचे वावडे किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर वैद्याच्या सल्ल्याने ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांवर रोग्यांच्या चाचणीत केवळ ॲस्पिरिनने पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

आलेख काढल्यापासून उपचारापर्यंतचे अंतर शास्त्राने पुष्कळ कमी केले आहे. कळ उठल्यापासून घराचा उंबरठा ओलांडेपर्यंतचे अंतर मात्र घरच्या माणसांनीच कमी करावयाचे आहे. ते काम कोणत्याही गणकयंत्राला करता येणार नाही.