एका पुस्तकाच्या चार जागा

पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला 25 ठिकाणं आणि 15 हजारांच्या आसपास पुस्तकं. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात चरित्रं-आत्मचरित्रं. पुढं याच योजनेतून सांगली जिल्ह्यातलं अंकलखोपही पुस्तकांचं गाव झालं. वाचणाऱ्याला ही वाटणी सोयीची वाटते. लावणाऱ्याचा मात्र घोळ होतो.

यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' घ्या. 1984 सालचं हे आत्मचरित्र 1942 च्या लढ्याविषयीही सांगतं, म्हणजे इतिहासाच्या घरानंही त्यावर हक्क सांगावा. सातारा जिल्ह्याच्या यादीत ते हवंच, आणि सांगलीच्याही. चव्हाण 1913 साली जन्मले ते देवराष्ट्रे तेव्हा साताऱ्यात होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. प्रत एकच असेल तर ती एकाच घरी राहणार.

संगणकावर हा पेच चुटकीसरशी सुटतो. नोंद एक, तिला चार याद्यांची नावं. खरा गुंता त्यापुढं, क्रम लावताना.

समजा, ग्रंथपालानं 'कृष्णाकाठ' सांगलीच्या यादीत पहिलं ठेवलं, आत्मचरित्रांत तिसरं आणि इतिहासात चाळिसावं. शोधयंत्राची नेहमीची रीत वेगळी: विचारलेला शब्द नोंदीत किती वेळा येतो, एकूण संग्रहात तो किती दुर्मीळ आहे, नोंद किती लांबलचक आहे, यावरून ते गुण देतं. ग्रंथपालाची पसंती त्याच्या गावीही नसते. ती कळावी म्हणून हे क्रमांकही नोंदीत भरावे लागतात, आणि घाईत 1, 3, 40 हे तिन्ही आकडे एकाच रकान्यात जातात. मग इतिहासाची यादी मागितली, की एलास्टिकसर्चसारखं शोधयंत्र चढत्या क्रमासाठी त्यांतला सर्वांत लहान आकडा उचलतं. चाळिसावं पुस्तक थेट डोक्यावर! यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिलेल्या आकड्यांवर कुठला आकडा कुठल्या यादीचा, हे लिहिलेलंच नव्हतं.

क्रमांक पुस्तकाचा नसतोच. तो पुस्तक आणि यादी या जोडीचा असतो. म्हणून यादीचं नाव आणि क्रमांक एकत्र बांधून साठवतात, आणि शोधताना 'इतिहासाच्या जोडीतलाच आकडा बघ' असं बजावतात. सोलर नावाच्या दुसऱ्या शोधयंत्रात प्रत्येक यादीला स्वतंत्र रकाना देण्याचा सोपा मार्गही आहे. याद्या दहा-वीस असतील तोवर तो चालतो. वाचक स्वतःच्या आवडीच्या याद्या करू लागले, की रकाने आवरत नाहीत.

नवं पुस्तक मध्ये घालायचं तर खालचे सगळे आकडे सरकतात. त्यावर जुनाच उपाय आहे: क्रमांक 10, 20, 30 असे द्यायचे, म्हणजे नव्याला 25 मिळतो. राहिली बिनक्रमांकाची पुस्तकं. ती तळाला, अकारविल्हे.

पण अकारविल्हे म्हणजे कुणाच्या हिशेबानं? भिलारच्या खाली, वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. पहिला खंड 1976 चा. तिथंही एका लेखाला एकच जागा. लेखांचा क्रम मराठी वर्णमालेचा, त्यामुळं 'ज्ञ'च्या नोंदी अगदी शेवटी. युनिकोडमध्ये मात्र 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्त आणि ञ. 'ळ'ही तिथं 'ह'नंतर नाही, 'ल'ला लागून बसतो. शोधयंत्रात मराठीचा क्रम मुद्दाम नेमून दिला नाही, तर 'ज्ञानेश्वरी' 'झाडाझडती'च्याही आधी येते.